हा निकाल आज उभा आहे का?

«ताई, मी एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पदवीपर्यंतचं सगळं शिक्षण मराठीतून झालं. गेल्या महिन्यात कॉलेजच्या अंतर्गत मूटमध्ये, म्हणजे सरावाच्या लुटुपुटुच्या खटल्यात, माझा मुद्दा स्थगितीचा होता. ‘सहा महिने उलटले की स्थगिती आपोआप संपते’ असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल मला फोनवर सापडला होता. तोच मी वाचून दाखवला. न्यायाधीशांच्या खुर्चीत बसलेल्या वकीलसाहेबांनी मध्येच थांबवलं आणि विचारलं, ‘हा निकाल आज उभा आहे का?’ मला प्रश्नच कळला नाही. दुसऱ्या फेरीत मला घेतलंय, पण मनात धास्ती बसलीय. मॅडम म्हणतात, लायब्ररीत जा. मी रोज जातेच, पण तिथे बसून माझ्याच नोट्स वाचते. सगळं फोनवर मिळत असताना त्या जाडजूड खंडांचं करायचं काय? एआयला विचारलं तर चालेल का? इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो. आणि काय विचारायचं हेच माहीत नसेल, तर लायब्ररियन सरांकडे जायचं कसं?»

प्रिय विद्यार्थिनी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी सव्वीस वर्षं काम केलं आणि त्या काळात तुझ्यासारखी कितीतरी मुलं पाहिली. रोज येणारी, कोपऱ्यातलं ठरावीक टेबल धरून बसणारी, आणि पाच वर्षांत एकदाही संदर्भ विभागाच्या रॅककडे न फिरकणारी. त्यांचं मला वाईट वाटायचं, कारण त्यांना हवं असलेलं उत्तर बऱ्याचदा त्यांच्या पाठीमागेच असायचं.

आधी त्या निकालाबद्दल. तू वाचलास तो ‘एशियन रिसरफेसिंग’चा निकाल, मार्च २०१८ चा, तीन न्यायमूर्तींचा. दिवाणी किंवा फौजदारी खटल्याला दिलेली स्थगिती सहा महिन्यांनी संपेल, कारणं देऊन मुदत वाढवली असेल तरच टिकेल, असं त्यात म्हटलं होतं. त्या वेळी तो कायदा होता आणि त्याच्या आधारे ठिकठिकाणी थांबलेले खटले पुन्हा सुरूही झाले. मग २९ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अलाहाबादच्या हायकोर्ट बार असोसिएशनच्या प्रकरणात सांगितलं की, केवळ मुदत उलटली म्हणून स्थगिती अशी आपोआप उठत नाही. २०१८ ची ती भूमिका तिथेच संपली.

म्हणजे फोनने तुला खोटं काही दाखवलं नाही. शब्दन्‌शब्द खरा होता. फक्त त्या शब्दांमागचा अधिकार निघून गेला होता, आणि निकालाचा मजकूर स्वतःच्या तोंडाने ते कधीच सांगत नाही. वकील मंडळी ‘गुड लॉ आहे का?’ म्हणतात ते हेच. मजकूर मिळवणं हे एक काम, त्याची आजची अवस्था तपासणं हे दुसरं. पहिलं काम आता कुणालाही कुठूनही करता येतं. इंडियन कानूनसारखी संकेतस्थळं आहेत, सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकृत अहवालांची ई-एससीआर ही मोफत सोय जानेवारी २०२३ पासून आहे, आणि हे झालं ते फार चांगलं झालं. दुसऱ्या कामासाठी मात्र तुला ग्रंथालय लागेल. माझं सगळं सांगणं याभोवतीच आहे.

तुमच्या कॉलेजने एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्र यांपैकी एकाची तरी वर्गणी भरलेली असण्याची दाट शक्यता आहे. बहुतेक ठिकाणी हे डेटाबेस कॉलेजच्या नेटवर्कवर थेट उघडतात, आणि घरून वापरायला वेगळं लॉगिन मिळतं. ते लॉगिन मागावं लागतं. न मागितल्यामुळे पाच वर्षांत एकदाही न वापरलेली खाती मी पाहिली आहेत. डेटाबेसमध्ये निकाल उघडलास की तो पुढे कुठल्या निकालांत आला, कुणी मान्य केला, कुणी ‘हा इथे लागू नाही’ म्हणून वेगळा काढला, कुणी ओव्हररूल केला म्हणजे चुकीचा ठरवून मोडीत काढला, याची यादी दिसते. तुझा २०१८ चा निकाल त्यात उघडला असतास तर २०२४ चा निकाल समोरच आला असता.

पण नुसती खूण बघून थांबू नकोस. खूण संपादकाने लावलेली असते. नंतरचा निकाल उघडून नेमका कोणता मुद्दा खोडला गेला ते आपण वाचायचं. निकालात पाच मुद्दे असतील आणि एकच गेला असेल, तर उरलेले चार वापरता येतात. उलटही घडतं. आणीबाणीतला ए.डी.एम. जबलपूरचा निकाल घे. १९७६ मध्ये चार विरुद्ध एक मताने सर्वोच्च न्यायालय म्हणालं की, आणीबाणीत कलम २१ च्या, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काच्या, अंमलबजावणीला स्थगिती असताना बेकायदा अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम ३५९ बदललं आणि कलम २० व २१ चा हक्क आणीबाणीतही थांबवता येणार नाही असं झालं. निकालाच्या पायाखालची जमीन गेली, पण निकाल म्हणून तो कागदावर तसाच राहिला. त्याला स्पष्ट शब्दांत ओव्हररूल केलं ते ऑगस्ट २०१७ मध्ये, पुट्टस्वामी खटल्यात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने. मधली जवळजवळ चाळीस वर्षं जो फक्त ‘कुणी खोडला का?’ एवढंच बघत होता, त्याला अर्धंच चित्र दिसत होतं. म्हणून निकालाबरोबर त्यामागचं कलमही तपासायचं: ते आज तसंच आहे का, मधे दुरुस्ती झाली का.

ही गरज नवी नाही. अमेरिकेत १८७३ मध्ये फ्रँक शेपर्ड नावाच्या माणसाने मागे डिंक लावलेल्या चिठ्ठ्या छापून विकायला सुरुवात केली. वकील त्या चिठ्ठ्या आपल्या खंडांत त्या त्या निकालाच्या समासात चिकटवायचे. हा निकाल पुढे कुठे कुठे आला ते त्यांवर असायचं. पुढे त्याच्या आडनावाचं तिकडे क्रियापदच झालं. आज पडद्यावर दिसणाऱ्या लाल-हिरव्या खुणा म्हणजे त्याच चिठ्ठ्या. आमच्याकडे एक ज्येष्ठ वकील येत. स्वतःच्या खंडांत ते समासात बारीक पेन्सिलीने पुढच्या निकालाचा पत्ता लिहून ठेवत आणि म्हणत, ‘खंड घेतला की काम संपत नाही, तो पाळावा लागतो.’

आता त्या जाडजूड खंडांकडे येऊ. तुला त्यांची भीती वाटते ती त्यांच्या आकाराची नाही, त्यांचा पत्ता वाचता येत नाही म्हणून वाटते. एक मुलगी मला कायम आठवते. सलग चार दिवस ती एआयआर या निकालांच्या मालिकेच्या रॅकशी उभी राहायची, एकच खंड काढायची, पान उघडायची, गोंधळून बघायची आणि खंड परत ठेवायची. चौथ्या दिवशी मी उठून तिच्याजवळ गेले. पहिल्याच दिवशी जायला हवं होतं, ते मला अजून लागतं. तिच्या हातातल्या कागदावर लिहिलं होतं: मनेका गांधी, (१९७८) १ एससीसी २४८. आणि ती एआयआर १९७८ च्या खंडात पान २४८ उघडून बसत होती. तिथे अर्थातच भलताच खटला. तिला वाटत होतं, आपल्यालाच इंग्रजी कळत नाही.

म्हणून हा पत्ता एकदा नीट समजून घे. ‘एआयआर १९७८ एससी ५९७’ म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर, १९७८ सालचा, सर्वोच्च न्यायालयाचा भाग, पान ५९७. एआयआरमध्ये प्रत्येक न्यायालयाची पानं वेगळी मोजतात, त्यामुळे ‘एससी’च्या जागी ‘बॉम’ असेल तर तो मुंबई उच्च न्यायालयाचा भाग, पान तेच, खटला निराळा. ‘(१९७८) १ एससीसी २४८’ म्हणजे सुप्रीम कोर्ट केसेस या मालिकेचा १९७८ सालचा पहिला खंड, पान २४८. खटला एकच, घरं दोन. वर्ष बघतानाही जपून. ते निकालाचं नसून अहवाल छापल्याचं असू शकतं. खरक सिंग खटल्याचा निकाल डिसेंबर १९६२ मधला, पत्ता मात्र एआयआर १९६३. तारीख हवी असेल तर निकालाच्या वरच्या भागातून घ्यायची, पत्त्यावरून नाही. शिवाय २०२३ पासून सर्वोच्च न्यायालय स्वतःच्या निकालांना कुठल्याही प्रकाशकावर न विसंबणारा क्रमांक देतं: वर्ष, मग ‘आयएनएससी’ ही अक्षरं, मग अनुक्रमांक. मेमोरियलमध्ये, म्हणजे मूटच्या लेखी युक्तिवादात, तो लिहिलास तर समोरच्याला कुठूनही निकाल काढता येतो.

या मालिकांची वयंही माहीत असलेली बरी, म्हणजे कुठल्या काळाचं कुठे शोधायचं ते कळतं. इंडियन लॉ रिपोर्ट्स या सरकारी मालिका १८७५ च्या कायद्यानंतर सुरू झाल्या. बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ चा, एआयआर १९१४ चा, अधिकृत सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स १९५० पासून, एससीसी १९६९ पासून. १९५५ चा निकाल एससीसीच्या रॅकवर शोधत बसलीस तर दिवस जाईल.

खंड उघडलास की पहिल्यांदा हेडनोट दिसेल: बारीक ठशात, मुद्दा आणि सारांश. ती वाच, पण तिच्यातलं वाक्य न्यायालयापुढे निकाल म्हणून कधीही वाचू नकोस. हेडनोट न्यायमूर्तींनी लिहिलेली नसते, संपादकाने लिहिलेली असते, आणि कधी कधी तिच्यात मुद्दा निकालापेक्षा रुंद होऊन बसतो. हेडनोटमध्ये परिच्छेदांचे क्रमांक दिलेले असतात. ते धरून आत जा आणि न्यायमूर्तींचं वाक्य स्वतःच्या डोळ्यांनी बघ. एकाच निकालाच्या परिच्छेदांचे क्रमांक दोन मालिकांत वेगळे असू शकतात, म्हणून क्रमांक देताना मालिका सांगायला विसरायचं नाही. निकालाचा मूळ मजकूर सार्वजनिक असला तरी संपादकांनी केलेली परिच्छेदांची मांडणी आणि टिपा हे त्यांचं कौशल्याचं काम आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात मान्य केलं आहे. कॉलेज वर्गणी भरतं ते या कामासाठी.

आणि मतं कुणाची, किती, हे मोजायला छापील खंड मला अजूनही पडद्यापेक्षा सोयीचा वाटतो. केशवानंद भारती खटला, एआयआर १९७३ एससी १४६१, तेरा न्यायमूर्ती, अकरा स्वतंत्र निकालपत्रं, सात विरुद्ध सहा. फोनवर शोध-शब्द टाकून उतरलीस तर तू बहुमताच्या निकालपत्रात आहेस की विरोधी मताच्या, हे कळतच नाही. विरोधी मतातलं सुंदर वाक्य ‘न्यायालय म्हणतं’ असं सांगून वाचणारी मुलं मी दरवर्षी ऐकली. खंडात बोट ठेवून मागे पानं उलटलीस की न्यायमूर्तींचं नाव सापडतं. तोवर ते वाक्य वहीत उतरवायचं नाही, एवढी सवय लाव.

कायद्याच्या मजकुराचं तर याहून जास्त जपावं लागतं. बेअर अ‍ॅक्टची, म्हणजे कायद्याच्या नुसत्या मजकुराची, प्रत हातात आली की आधी ती कुठल्या तारखेपर्यंत दुरुस्त केलेली आहे ते बघ. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेला राष्ट्रपतींची संमती मिळाली २५ डिसेंबर २०२३ ला. ती लागू झाली १ जुलै २०२४ ला. लागू करतानाची अधिसूचना वाचलीस तर त्यात कलम १०६ चं पोटकलम (२) वगळलेलं दिसेल. अपघात करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाबद्दलचं ते पोटकलम. पुस्तकात ते बाकीच्या कलमांसारखंच छापलेलं, त्याच ठशात. अधिसूचना न बघता त्यावर युक्तिवाद उभा केलास तर पुन्हा तोच प्रश्न येईल: हे आज उभं आहे का? राजपत्र आणि इंडिया कोड या दोन्ही सरकारी जागा मोफत आहेत. त्या कशा उघडायच्या, अधिसूचना क्रमांकावरून कशी काढायची, हे सर तुला पाच मिनिटांत दाखवतील.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. संहिता बदलली तेव्हा ‘जुनी दंड संहितेची पुस्तकं आता काढून टाका, जागा होईल’ असं बऱ्याच ठिकाणी बोललं गेलं. काढू नयेत. १ जुलै २०२४ आधी घडलेल्या गुन्ह्याला १८६० ची दंड संहिताच लागते, आणि असे खटले अजून वर्षानुवर्षं चालणार आहेत. शिवाय खुनासाठी ३०२ चं १०३ झालं, फसवणुकीसाठी ४२० चं ३१८(४) झालं, तरी त्यांचा अर्थ लावणारे दीडशे वर्षांचे निकाल जुन्या क्रमांकाखालीच सापडतात. जुना टीकाग्रंथ (कलमवार भाष्याचं पुस्तक) आणि नवी संहिता शेजारी शेजारी उघडून, कलमाला कलम लावून वाचायचं काम आता तुमच्या पिढीकडे आलंय. तुमच्या ग्रंथालयात जुन्या आवृत्त्या रद्दीत निघाल्याचं दिसलं, तर विद्यार्थी म्हणून प्राचार्यांना अर्ज कर. ग्रंथालय समितीत विद्यार्थ्यांचं म्हणणं ऐकलं जातं. माझ्याकडे दोनदा अशा अर्जामुळे पुस्तकं रद्दीत जाण्यापासून वाचली.

मूटची तयारी करताना तू थेट निकालावर उडी मारलीस, तिथेच घोटाळा सुरू झाला. आधी टीकाग्रंथ उघड, नव्यात नवी आवृत्ती. त्यात कलमाखाली मुद्द्यांची मांडणी मिळते आणि तळटिपांत निकालांचे पत्ते. त्यातून तुझ्या मुद्द्याचा नकाशा कागदावर काढ. मग निकाल काढ, मग प्रत्येकाची अवस्था तपास. टीकाग्रंथ छापून झाल्यानंतर काय घडलं ते डेटाबेसमध्ये तारीख लावून शोध. कलमाच्या शब्दांवरच वाद असेल तर संविधान सभेच्या चर्चेचे खंड बघ. कलम २१ मध्ये ‘कायद्याने ठरवून दिलेली पद्धत’ हे शब्द का आले, यावर डिसेंबर १९४८ मध्ये झालेली चर्चा मूळातून वाचणं आणि पाठ्यपुस्तकातला तिचा चार ओळींचा सारांश वाचणं, यात फार अंतर आहे. विधी आयोगाचे अहवालही तिथेच आसपास असतात.

एआयबद्दल विचारलंस. प्रश्न समजून घ्यायला, इंग्रजी परिच्छेदाचा सूर कळायला वापर, माझी हरकत नाही. निकाल मागायला वापरू नकोस. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात माटा विरुद्ध एव्हिएन्का खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निकाल अर्जात घातले. नावं होती, पत्ते होते, उतारे होते. निकालच अस्तित्वात नव्हते. न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड केला. त्यातल्या वकिलाने एकदा ग्रंथालयात जाऊन तो खंड मागितला असता, तर असा खंडच नाही हे तिथल्या माणसाने दोन मिनिटांत सांगितलं असतं. ज्या निकालाचं पहिलं पान तू स्वतः पाहिलेलं नाहीस तो मेमोरियलमध्ये जाता कामा नये, मग तो कुणीही सुचवलेला असो, वर्गातल्या मैत्रिणीने किंवा आमच्यासारख्या वडीलधाऱ्यांनीसुद्धा.

इंग्रजीचं तू लाजत लिहिलंयस. लाजू नकोस, त्याला वेळच लागतो, इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाही लागतो. फक्त ती ते बोलून दाखवत नाहीत. ग्रंथालयात ‘न्यायव्यवहार कोश’ असेल, भाषा संचालनालयाचा. तो टेबलावर घेऊनच बसत जा. ‘अपील’, ‘पुनरीक्षण’, ‘पुनर्विलोकन’ यांतला फरक मराठीत एकदा पक्का झाला की इंग्रजी शब्द आपोआप जागेवर बसतात. सर्वोच्च न्यायालयाच्या बऱ्याच निकालांचे मराठी अनुवादही आता अधिकृत संकेतस्थळावर मिळतात. अनुवाद समजून घेण्यासाठी आहे, न्यायालयापुढे वाचायचा तो मूळ इंग्रजी मजकूर. त्यामुळे दोन्ही शेजारी ठेव. वाचायचा क्रमही बदलून बघ. पहिल्या ओळीपासून सुरुवात करून दमण्यापेक्षा आधी घटना वाच, मग न्यायालयापुढचे प्रश्न, मग उडी मारून शेवटचा आदेश. काय ठरलं ते कळल्यावर मधली कारणं वाचायला निम्मा वेळ लागतो. रोज एकच निकाल, पण अर्धं पान स्वतःच्या मराठीत लिहून काढायचं. दोन महिन्यांत तुलाच फरक दिसेल.

बाकीच्या सोयी थोडक्यात. तुमच्याकडे नसलेलं पुस्तक किंवा लेख आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मागवता येतो. डेलनेटसारखी ग्रंथालयांची जाळी त्यासाठीच आहेत, पण चार-आठ दिवस धर, आदल्या रात्री मागून मिळणार नाही. पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर मोफत आहेत. त्यांच्या शेवटची संदर्भसूची फार कामाची असते. जुनी मेमोरियल्स, जुन्या प्रश्नपत्रिका बहुतेक ठिकाणी जपून ठेवलेल्या असतात. संदर्भाचे खंड घरी देत नाहीत, त्यावर रागवू नकोस. एक खंड एका घरी गेला की चाळीस मुलं अडतात. हव्या त्या पानांची झेरॉक्स काढून घे. आणि वर्गात कुणाला दिसायला अडचण असेल तर त्याला सांग, कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने अपंग वाचकांसाठी पुस्तकाची वाचता येण्याजोगी प्रत तयार करायला मोकळीक दिली आहे. ग्रंथालयाकडे तशी मागणी करता येते. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे एका हुशार मुलाने वर्षभर मित्रांकडून पुस्तकं वाचून घेतलेली मी पाहिली आहेत.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काय विचारायचं ते माहीत नसताना विचारायचं कसं? ग्रंथपालाचं शिक्षणच त्यासाठी झालेलं असतं. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले; चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे. आम्ही तो परीक्षेसाठी पाठ केला होता, पण कळला काउंटरवर बसल्यावर. वाचक अर्धवट प्रश्न घेऊनच येतो. तो पुरा करून घेणं हे काउंटरपलीकडच्या माणसाचं काम आहे. ‘कुठल्या विषयाचं?’, ‘कशासाठी हवंय?’, ‘आतापर्यंत काय बघितलंस?’ असं ते विचारतील, तेव्हा परीक्षा घेतायत असं समजू नकोस. ग्रंथपाल तुझा युक्तिवाद लिहून देणार नाहीत, निकालाचा अर्थही सांगणार नाहीत, ते तुझ्या मॅडमचं काम. कुठे शोधायचं आणि सापडलेलं कसं तपासायचं, हे मात्र त्यांच्याइतकं कॉलेजात कुणाला माहीत नसतं. एखादे दिवशी ते घाईत असतील, तुटक बोलतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. सकाळी ग्रंथालय उघडल्या उघडल्या गर्दी कमी असते.

उद्या जाताना मूटचा प्रश्न छापलेला कागद घेऊन जा, आणि त्याच्या मागे तू वापरलेल्या निकालांची नावं पत्त्यांसकट लिही, येतील तशी. काउंटरवर सरांना एवढंच म्हण: ‘सर, हे निकाल मी वापरतेय. यातला कुठला आज उभा आहे आणि कुठला नाही, ते कसं तपासायचं मला दाखवाल का?’ शेजारी खुर्ची असेल तर ओढून बस. ते कुठल्या चौकटीत काय टाईप करतात, कुठे क्लिक करतात, कुठल्या रॅककडे बोट दाखवतात, ते वहीत उतरवून घे. पहिला निकाल त्यांना तपासू दे. दुसऱ्याला की-बोर्ड तू माग.